आयोवाचा निकाल लातुरात बसून कसा वाचायचा

मार्केट यार्डात अडतीच्या दुकानावर मुनीमकी करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. सौदा निघायच्या आधी शिकागोच्या वायदे बाजारात सोयाबीनचा भाव कितीवर बंद झाला हे मालकाला सांगायचं, हे सकाळचं पहिलं काम. तिकडचा भाव बुशेलचा. सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे 27.2 किलो, तेव्हा क्विंटलला पावणेचारला जरा कमी. हे गणित मांडता मांडता अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं नाव कानावर पडलं. तिथं पाऊस लांबला की शिकागो हलतं, आणि शिकागो हललं की आमच्या तेल मिलवाल्यांचा सूर बदलतो. पुढं पुतण्या नोकरीला तिकडंच सीडर रॅपिड्सला गेला आणि मी तिथल्या निवडणुकाही बघायला लागलो. यार्डातली पोरं विचारतात, "काका, ट्रम्पचं समजलं, पण हे आयोवाचं कामून बघता?" त्यांना एकदा सांगून टाकावं म्हणून बसलोय.

पहिली गोष्ट, अमेरिका अख्खी बघायला जाऊ नका. पन्नास राज्यं, प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे त्यांच्या लोकसभेच्या, 435 जागा, आणि दर दोन वर्षांनी सगळ्याच्या सगळ्या नव्यानं निवडायच्या. डोकं फिरतं. एक राज्य धरा. आयोवा धरा म्हणतो, कारण तिथं जागा फक्त चार. पूर्वी त्यांच्याही अकरा होत्या. तिकडं दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर जागांची वाटणी पुन्हा होते आणि ज्या राज्याची लोकसंख्या हळू वाढते त्याची जागा जाते. 2010 च्या जनगणनेनंतर आयोवाच्या पाचाच्या चार झाल्या. आपल्याकडं कुठल्या राज्याला लोकसभेच्या किती जागा हे अजून 1971 च्या जनगणनेवर अडकलंय, हे पोरांना सांगितलं की खोटं वाटतं.

आता वही घ्या. मोबाईलवर नाही, वहीच. चार मतदारसंघांना चार पानं. मतदारसंघ तिथं कौंट्या मिळून बनतो. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा, मात्र तिचा कारभार स्वतंत्र. आयोवात 99 कौंट्या आहेत आणि लोकसभेसारख्या या निवडणुकीसाठी एकही कौंटी तोडायची नाही, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. म्हणून तर हे राज्य नवख्याला सोपं. आपलंच बघा. औसा लातूर जिल्ह्यात, पण मत जातं धाराशिवच्या खासदाराला. लोहा नांदेड जिल्ह्यातलं, ते लातूर लोकसभेत. औशाला दिलेल्या माझ्या बहिणीला लातूरचा खासदार कोण हे तोंडपाठ आहे, स्वतःचा विचारला की ती सुनेकडं बघते.

नकाशा आखायची पद्धतही वेगळी. बहुतेक राज्यांत सत्तेतले आमदारच रेघा ओढतात, आणि आपल्या सोयीनं ओढतात. आयोवात 1980 च्या कायद्यानं हे काम विधिमंडळाच्या सेवेतल्या निःपक्ष कर्मचाऱ्यांकडं दिलंय. विद्यमान खासदार राहतो कुठं, कोण कुठल्या पक्षाचा, मागं कुणाला किती मतं पडली, यातलं काहीही त्यांनी बघायचं नाही. आमदारांनी नुसतं हो किंवा नाही म्हणायचं. दोन नकाशे नाकारले तरच तिसऱ्यात त्यांना हात घालता येतो. 2021 ला पहिला नकाशा राज्याच्या सिनेटनं, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानं, नाकारला, दुसरा मंजूर झाला. आताचे चारही मतदारसंघ त्यातलेच. एकेकात साधारण आठ लाख माणसं. एकट्या लातूर लोकसभेत मतदारच वीस लाखांच्या घरात आहेत, यावरून अंदाज करा.

पानांवर काय लिहायचं? सगळ्या कौंट्या लिहू नका, मोठ्या तेवढ्या. पहिल्या मतदारसंघात जॉन्सन, म्हणजे आयोवा सिटीचं विद्यापीठ, डेमोक्रॅट लोकांचा पक्का गड. आणि मिसिसिपी नदीकाठची स्कॉट. दुसऱ्यात लिन (पुतण्याची), ब्लॅक हॉक, डब्यूक. तिसऱ्यात राजधानी दे मॉइनची पोल्क आणि तिच्या शेजारची डॅलस. चौथं पान जवळजवळ कोरं ठेवलं तरी चालतं. तो पश्चिमेचा पट्टा रिपब्लिकनांचा, तिथला खरा सामना जूनमध्येच उरकतो.

जून म्हणजे प्रायमरी. आपल्याकडं तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं आणि रात्री दोनला एबी फॉर्म येतो. तिकडं तिकीटही मतदार मतानं ठरवतात. एखाद्याला 35 टक्केसुद्धा मिळाले नाहीत तर मग पक्षाचं अधिवेशन निवडतं. पश्चिमेच्या याच पट्ट्यातले स्टीव्ह किंग असेच 2002 ला अधिवेशनातून उमेदवार झाले आणि पुढं अठरा वर्षं खासदार राहिले. 2019 च्या जानेवारीत वर्णवर्चस्वाबद्दलच्या त्यांच्या बोलण्यावरून त्यांच्याच पक्षानं त्यांना समित्यांवरून काढलं. त्यात कृषी समितीही गेली. मका-सोयाबीनच्या पट्ट्यातला खासदार आणि कृषी समितीवर नाही! 2020 च्या जूनमध्ये रँडी फीन्स्ट्रा यांनी हाच मुद्दा लावून धरला आणि किंग प्रायमरीतच पडले. म्हणून उमेदवाराच्या नावापुढं तो कुठल्या समितीवर आहे हे लिहून ठेवा. आपल्या खासदाराला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मतदान नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. 2026 ला ते 3 नोव्हेंबरला येतं, लक्ष्मीपूजनाच्या पाच दिवस आधी, म्हणजे आपल्याकडं यार्डात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. आयोवात रात्री आठला मतदान बंद होतं. तेव्हा लातुरात बुधवारची सकाळ, साडेसात वाजलेले. चहा घेऊन बसायला बरोबर वेळ.

आणि इथंच पुष्कळ जण फसतात. आपल्या मतमोजणीत आठला आधी टपाली मतं उघडतात आणि साडेआठला टीव्हीवाले "अमुक आघाडीवर" म्हणून ओरडायला लागतात. जुना पोलिंग एजंट त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. तो विचारतो, कितवी फेरी चालू आहे, कुठली गावं निघाली. आयोवातही असंच. आधी दिलेली आणि टपालानं आलेली मतं बऱ्याच कौंट्या सुरुवातीला दाखवतात आणि त्यांत डेमोक्रॅट जड असतात. त्यामुळं पहिल्या तासाभरात त्यांचा माणूस पुढं दिसतो. मग खेड्यापाड्यातल्या कौंट्या येतात आणि अंतर घटत जातं. तेव्हा कोण पुढं आहे हे लिहू नका. वहीत तीन रकाने करा: कौंटी, किती टक्के मोजणी झाली, फरक किती. जॉन्सन पूर्ण मोजून झाली, खेडी अजून बाकी आहेत आणि अख्ख्या मतदारसंघात डेमोक्रॅट दोनच हजारांनी पुढं आहे, तर तो हरला समजा, कारण त्याची शिल्लक संपली. जॉन्सन अर्धी बाकी असेल तर पेन खाली ठेवा. गाडीत माल किती उरलाय हे न बघता पट्टी करायची नसते.

2022 ला तिसऱ्यात असंच झालं. पोल्क कौंटी डेमोक्रॅट सिंडी ॲक्सनी यांच्या बाजूनं होती, पण बाकीच्या कौंट्यांनी मिळून रिपब्लिकन झॅक नन यांना 2,145 मतांनी निवडून दिलं. 2018 ला चारांतल्या तीन जागा डेमोक्रॅटांच्या होत्या. 2022 पासून चारही रिपब्लिकनांच्या.

आता माझी फजिती सांगतो. 2020, दुसरा मतदारसंघ, जुन्या नकाशातला, 24 कौंट्यांचा. रिपब्लिकन मॅरियानेट मिलर-मीक्स आणि डेमोक्रॅट रीटा हार्ट. मतदानाच्या रात्री मिलर-मीक्स पुढं होत्या. मग जॅस्पर कौंटीच्या आकड्यात चूक निघाली आणि हार्ट पुढं गेल्या. त्या दिवशी मी दुकानात "हार्ट आल्या" म्हणून जाहीर केलं आणि हमालांना माझ्या पैशानं चहा-भजी दिली. लगेच लुकस कौंटीचा आकडा चुकल्याचं कळलं आणि पारडं परत फिरलं. फरक 47. मग फेरमोजणी. प्रत्येक कौंटीत तिघांचं मंडळ: दोघी उमेदवारांचा एकेक आणि दोघींना मान्य असा तिसरा. कुठं हातानं मोजलं, कुठं यंत्रानं. शेवटी 1,96,964 विरुद्ध 1,96,958. सहा मतं! एवढ्यात आमच्या वाड्यातलं एक घरसुद्धा बसत नाही.

ते तिथंही थांबलं नाही. आपल्याकडं निकाल पटला नाही तर 45 दिवसांच्या आत हायकोर्टात निवडणूक याचिका टाकायची. तिकडं सभागृह आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा निवाडा स्वतःच करतं, तसं घटनेतच आहे. हार्ट यांनी 22 मतपत्रिका मोजल्या नाहीत म्हणून तिथं दाद मागितली आणि 2021 च्या 31 मार्चला ती मागे घेतली. म्हणजे नोव्हेंबरचा निकाल मार्चअखेर पक्का झाला. भज्यांचे पैसे मी अजून कुणाकडून वसूल केलेले नाहीत.

2024 ला त्याच बाई, आता पहिल्या मतदारसंघात. डेमोक्रॅट क्रिस्टिना बोहॅनन यांच्यावर फेरमोजणीनंतर 799 मतांनी विजय. याच वेळी ट्रम्प अख्ख्या आयोवात 13 टक्क्यांनी पुढं होते. म्हणजे वर ट्रम्प आणि खाली डेमोक्रॅट असं मत दिलेली माणसं पुष्कळ होती. पुतण्याला याचं नवल वाटलं. मी म्हणालो, नांदेडला बघ. 2024 च्या नोव्हेंबरात लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा एकाच दिवशी, त्याच रांगेत. सहाही आमदार महायुतीचे आले आणि खासदार काँग्रेसचे रवींद्र चव्हाण, 1,457 मतांनी. दोन बटणं दिली की माणूस दोन विचार करतो.

तिसरा उमेदवार आहे का, हेही पानावर नोंदवा. संभाजीनगरला 2019 मध्ये अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली आणि इम्तियाज जलील 4,492 मतांनी आले. मधला माणूस नसता तर काय झालं असतं यावर औरंगपुऱ्यात अजून वाद होतो. आयोवाच्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्यात 2024 ला लिबर्टेरियन या तिसऱ्या, छोट्या पक्षाचे उमेदवार उभे राहणार होते, पण त्या पक्षानं आपली कौंटी अधिवेशनं कायद्याप्रमाणं घेतली नाहीत म्हणून त्यांची नावं मतपत्रिकेवरून उडाली. 799 च्या शेजारी ही नोंद ठेवा.

शेवटचं काम. टीव्हीनं आणि वृत्तसंस्थेनं विजयी म्हटलं की तो अंदाज समजायचा. आधी कौंट्या आपले आकडे तपासून पक्के करतात, नंतर राज्य करतं. 2020 ला राज्याची सही 30 नोव्हेंबरला झाली. तोवर वहीत पेन्सिलनं लिहायचं. मी आता पेन्सिलनंच लिहितो, आणि भजी सही झाल्यावर.