केशरोपणानंतर डोक्यावरची लाली: घाईघाईत होणाऱ्या या चुका टाळा

केशरोपणानंतरचे दुखणे पहिल्या दोन-तीन दिवसांत बहुधा साध्या पॅरासिटामॉलने आटोक्यात येते. कपाळाच्या वर दिसणारी लाली मात्र लवकर हटत नाही, आणि पुन्हा ऑफिसला जायची वेळ जवळ आली की तिचीच काळजी सर्वांत जास्त वाटू लागते. मग कोणी घरातली हळद लावून पाहतो, कोणी मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणतो, तर कोणी खपल्या काढून टाकल्या की डोके स्वच्छ दिसेल या समजुतीने नखे चालवतो. अनेकदा त्या लालीपेक्षा तिच्यावर केलेले हे उपायच जास्त नडतात, म्हणून ती येते कशामुळे हे आधी समजून घेतलेले बरे.

केशरोपणाच्या एफयूई या पद्धतीत डोक्याच्या मागच्या भागातून साधारण 0.7 ते 1 मिलिमीटर व्यासाच्या पंचने (पोकळ, धारदार गोल टोकाच्या उपकरणाने) एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळांसकट केसांचा छोटा पुंजका, काढतात आणि पुढच्या भागात बारीक छेद देऊन तो बसवतात. दोन हजार ग्राफ्ट बसवले असतील तर पुढच्या भागात दोन हजार छेद झालेले असतात आणि मागे जवळपास तितक्याच छोट्या जखमा असतात. त्या भरून येण्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, काही नव्याने तयार होतात आणि रक्तपुरवठा वाढतो. हाच वाढलेला रक्तपुरवठा वरून लाल दिसतो. मागचा डोनर भाग साधारण आठ-दहा दिवसांत शांत होतो, पुढच्या भागाला दोन ते चार आठवडे लागतात आणि गोऱ्या किंवा नाजूक त्वचेवर फिकट गुलाबी छटा दोन-तीन महिनेही रेंगाळू शकते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर हीच लाली तांबूस किंवा तपकिरी दिसते आणि ओसरताना काही काळ डागासारखी काळवंडते. अशा त्वचेवर नुसता रंग पाहून अंदाज बांधणे फसवे ठरते. त्या जागेचा गरमपणा, सूज आणि दुखणे वाढते आहे की कमी होते आहे, हे पाहणे जास्त भरवशाचे असते.

खपल्या ओरबाडणे, आणि त्यांना हातच न लावणे

खपल्यांच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध चुका होतात, आणि दोन्हींमुळे लाली लांबते. पहिली चूक सर्वांना माहीत असते: पहिल्या चार-पाच दिवसांत खपली ओढली तर तिच्याबरोबर ग्राफ्टही निघून येऊ शकतो, कारण तो अजून त्वचेत घट्ट धरलेला नसतो. दुसरी चूक तितकीच नुकसान करणारी असूनही तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ग्राफ्ट निघेल या भीतीने काही जण दोन-दोन आठवडे डोके नीट धूतच नाहीत. मग रक्त, स्राव आणि तेल यांचा जाड थर साचतो, त्याखाली खाज सुटते, जंतू वाढायला जागा मिळते आणि त्वचा लालच राहते. ग्राफ्ट साधारण नऊ-दहा दिवसांत पक्के बसतात, आणि दहा ते चौदा दिवसांच्या दरम्यान सर्व खपल्या निघून गेलेल्या असाव्यात. म्हणजे तिसऱ्या दिवशी जे करणे धोक्याचे असते, तेच अकराव्या दिवशी न करणे चुकीचे ठरते.

धुण्याची पद्धत प्रत्येक केंद्रात थोडी वेगळी सांगतात आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली पद्धतच तुमच्यासाठी प्रमाण मानावी, पण तिचा गाभा सारखाच असतो. पहिले एक-दोन दिवस फक्त सलाइनचा फवारा मारायचा. त्यानंतर धुण्याची परवानगी मिळाली की सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर करून तो केसांवर नुसता टेकवायचा, खपल्या भिजण्यासाठी पाच-दहा मिनिटे तसाच ठेवायचा आणि कोमट पाणी मगने अगदी जवळून, धार न पाडता ओतायचे. शॉवरचा जोर थेट ग्राफ्टवर घ्यायचा नाही आणि टॉवेलने पुसायचे नाही. स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्यायचे. सातव्या-आठव्या दिवसानंतर, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, बोटांच्या पेरांनी हलके गोल फिरवत त्या भिजलेल्या खपल्या सैल करता येतात. या वेळी खपलीबरोबर एखादा केस आला आणि रक्त आले नाही, तर तो फक्त वरचा केस असतो, मूळ आतच राहते. पहिल्या काही दिवसांत ठिपक्याएवढे रक्त आले तर मात्र निर्जंतुक गॉजने हलके दाबून धरावे आणि डॉक्टरांना कळवावे.

झोपेत नकळत खाजवले जाते, म्हणून नखे कापून ठेवावीत आणि खाज सहन होत नसेल तर त्यासाठीची गोळी डॉक्टरांकडून मागून घ्यावी. हा उपाय साधा आहे, पण पुष्कळ ग्राफ्ट वाचवतो.

मेडिकलमधून मनाने आणलेली मलमे

आपल्याकडे बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेली मलमे चिठ्ठीशिवाय सहज हातात पडतात, आणि ती लावली की लाली एक-दोन दिवसांत खरोखरच फिकी पडते. हीच त्यांची अडचण आहे. ही तीव्र स्टेरॉइड्स असून त्यांनी दाह दबतो. पण आत संसर्ग सुरू झाला असेल तर त्याची खूणही दबते, जखम भरण्याचा वेग मंदावतो आणि बरेच दिवस वापरल्यास त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्या कायमच्या उठून दिसू लागतात, म्हणजे जी लाली घालवायची होती तीच पक्की होऊन बसते. काही रुग्णांना त्वचारोगतज्ज्ञ सौम्य हायड्रोकॉर्टिसोन थोड्या दिवसांसाठी देतात हे खरे, पण ते ग्राफ्ट पक्के झाल्यावर आणि संसर्ग नाही हे पाहिल्यावर.

प्रतिजैविक मलमांबाबतही सावध असावे. घरोघरी आढळणाऱ्या सोफ्रामायसिनमध्ये फ्रामायसेटिन असते, आणि ते तसेच त्याच्या जवळचे निओमायसिन यांची काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते. अशी ॲलर्जी आली की लालीबरोबर तीव्र खाज, बारीक पुरळ आणि कधी पाणी सुटणे दिसते, आणि ही लाली ग्राफ्ट लावलेल्या जागेपुरती न राहता मलम लागले असेल तिथपर्यंत, कपाळावर किंवा कानामागेही पसरते. जंतुसंसर्ग समजून माणूस तेच मलम आणखी जाड थराने लावतो आणि त्रास वाढतच जातो. मलम सुरू केल्यानंतर लाली वाढली, तर पहिला संशय त्या मलमावरच घ्यावा.

केसगळतीवर लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाविषयीही हेच सांगावे लागेल. केस लवकर यावेत म्हणून काही जण ते पहिल्याच आठवड्यात पुन्हा सुरू करतात. परंतु त्याच्या द्रावणात बहुधा अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, आणि ही दोन्ही उघड्या जखमांना झोंबतात. ते कधी सुरू करायचे, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

स्वयंपाकघरातले उपाय

हळद, लिंबू, कांद्याचा रस, कडुनिंबाचा लेप, खोबरेल तेल, यांपैकी काहीही पहिल्या दोन आठवड्यांत उघड्या छेदांवर लावू नये. हे पदार्थ निर्जंतुक नसतात, लिंबू आणि कांदा त्वचेची आग करतात, आणि लेप सुकला की तो काढण्यासाठी चोळावे लागते, जे त्या काळात सर्वांत धोक्याचे असते. हळदीचा पिवळा रंग तर खालची लालीच झाकून टाकतो, त्यामुळे डॉक्टरांनाही नीट अंदाज येत नाही. कोरफडीचा गर अनेकांना थंडावा देतो हे मान्य आहे, तरी कुंडीतले पान कापून लावण्याचा मोह टाळावा, कारण पानाच्या सालीखालचा पिवळसर चीक त्वचेला झोंबतो. खपल्या गेल्यानंतर, डॉक्टर हो म्हणाल्यास, सुगंध नसलेला तयार जेल वापरावा.

बर्फाबद्दल मोठा गैरसमज आहे. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांदरम्यान कपाळावर आणि डोळ्यांभोवती जी सूज उतरते, तिच्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ कपाळावर थोडा वेळ धरता येतो. ग्राफ्टवर मात्र तो कधीही ठेवू नये. तिथली त्वचा बधिर असल्यामुळे थंडीने इजा होत असली तरी कळत नाही, शिवाय रक्तपुरवठाही घटतो. पहिले काही दिवस दोन-तीन उशा घेऊन डोके 30 ते 45 अंश उंच ठेवून झोपल्याने सूज पुष्कळच कमी राहते.

ऊन, हेल्मेट, घाम आणि तंबाखू

ताज्या जखमांवर ऊन पडले की लाली गडद होते आणि सावळ्या त्वचेवर काळे डाग रेंगाळतात, म्हणून निदान दोन-तीन महिने दुपारचे ऊन टाळावे. सनस्क्रीन जखमा पूर्ण भरल्याखेरीज लावायचे नसते. तोवर छत्री, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर सैल टोपी हाच मार्ग उरतो. हेल्मेट पहिल्या काही दिवसांत ग्राफ्टवर घासते आणि दाबते. म्हणून हेल्मेट न घालता गाडी चालवायची असे नव्हे, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत दुचाकीच चालवायची नाही. मुंबईत लोकलच्या गर्दीत डोक्याला कोणाचा तरी हात किंवा बॅग लागण्याची शक्यता असते, तेव्हा पहिले दहा दिवस घरून काम मिळाले तर उत्तम. घाम आणणारा व्यायाम निदान दोन आठवडे, आणि पोहणे महिनाभर बंद ठेवावे.

सिगारेट, गुटखा, मिश्री यांपैकी कशातूनही शरीरात गेलेले निकोटिन रक्तवाहिन्या आवळते, आणि ज्या ग्राफ्टना त्या काळात रक्ताची सर्वाधिक गरज असते त्यांचाच पुरवठा कमी होतो. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे याच कारणासाठी महत्त्वाचे आहे.

लग्नसराईचा हिशेब आधीच करावा. लग्नाच्या महिनाभर आधी केशरोपण केले तर हळदीच्या दिवशी डोके लाल असू शकते, आणि नेमके त्याच सुमारास लावलेले केस गळू लागतात. ही गळती नेहमीची असते, नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येतात आणि खरा परिणाम दिसायला वर्षभर जाते.

कोणती लाली दाखवायला हवी

साधी लाली दिवसागणिक थोडी तरी उतरते. रोज एकाच वेळी, एकाच खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढले तर हा उतार स्पष्ट दिसतो. वेगवेगळ्या प्रकाशातले फोटो उगाच घाबरवतात किंवा खोटा धीर देतात. तीन-चार दिवसांनंतर लाली कमी होण्याऐवजी वाढू लागली, जागा गरम लागली, ठणका सुरू झाला, पू किंवा दुर्गंधी आली, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ग्राफ्टमधली त्वचा राखाडी, जांभळट किंवा काळी पडत असेल, तर तिथला रक्तपुरवठा तुटल्याची ती खूण असू शकते, आणि तेव्हा काही तासांचा उशीरही महागात पडतो. दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या एखाद-दुसऱ्या पुळीचे कारण बहुधा त्वचेतून बाहेर येऊ पाहणारा नवा केस असते. ती फोडू नये, पण अशा पुळ्या गुच्छाने आल्या तर दाखवाव्यात. तीन महिन्यांनंतरही लाली टिकून असेल, तर कोंड्याचा आजार, सोरायसिस, ॲलर्जी यांपैकी काही आहे का हे त्वचारोगतज्ज्ञ तपासतात, आणि नुसत्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्या असतील तर त्यांच्यावर लेझरचा उपचारही होऊ शकतो.

हे सारे प्रत्यक्ष डॉक्टरांनाच दाखवावे. केंद्राच्या व्हॉट्सॲप नंबरवर उत्तर देणारी व्यक्ती डॉक्टर असेलच असे नाही. केशरोपण योग्य प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितले आहे. ते डॉक्टर भेटत नसतील, तर जवळच्या मोठ्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात जावे आणि जाताना शस्त्रक्रियेचा कागद, चालू असलेल्या गोळ्यांची यादी, डोक्याला लावलेल्या प्रत्येक मलमाची व शाम्पूची बाटली आणि ते रोजचे फोटो बरोबर न्यावेत.