ग्रुपवर आंबा विकायचाय?

फेब्रुवारी संपत आला की मला दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. एक, "यंदा पेटी कधी?" आणि दुसरा, "आमचीही बाग आहे, आम्हालाही ग्रुपवर विकायचंय, कसं करता तुम्ही?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याला दर वर्षी तुकड्यातुकड्याने उत्तरं देत बसते, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतेय.

आमची बाग रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ. बाग भावोजी बघतात, मी पुण्यात राहून विक्री बघते. दुकान नाही, स्टॉल नाही. सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, थोडे फेसबुकचे ग्रुप आणि त्यातून जोडली गेलेली माणसं यांच्यात बराचसा माल संपतो. उरतो तो वाशीच्या घाऊक बाजारात जातो.

नवीन माणूस काय करतो, तर ऐन एप्रिलमध्ये ग्रुपवर उगवतो. एक रसरशीत फोटो, खाली "अस्सल हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, आजच बुक करा" आणि भरपूर उद्गारचिन्हं. त्याच दिवशी तसेच पाच-सहा फोटो आधीच पडलेले असतात. त्यातला तुमचा कुठला हे वाचणाऱ्याने ओळखावं तरी कसं?

माझी एप्रिलची विक्री ठरते जून ते जानेवारीत. त्या काळात ग्रुपवर आंब्याचे प्रश्न येतच असतात, फक्त ते विकत घेण्याचे नसतात. कुणाच्या गच्चीवरच्या कलमाला फळ धरत नाही. कुणाचा मोहोर काळा पडतोय, तो तुडतुडा आहे की भुरी ते कळत नाही. डिसेंबरात थंडी लांबली की "यंदा आंबा महागणार का?" हा प्रश्न तर हमखास येतो. मला जे माहीत असतं ते मी लिहिते, नसेल तर भावोजींना विचारून दुसऱ्या दिवशी लिहिते. आंबे विकते हे तिथे सांगत नाही. सांगावं लागतही नाही, कारण दुसरंच कुणीतरी खाली लिहितं, "यांची स्वतःची बाग आहे." हे वाक्य मी लिहिलं तर जाहिरात होते, शेजारच्या काकूंनी लिहिलं तर ओळख होते.

पैशाचं खरं बोलायची तयारी ठेवा. मार्चमध्ये कुणी विचारलं की "आत्ता घेऊ की थांबू?" तर मी सरळ सांगते, अक्षय्य तृतीयेला नैवेद्याला हवा असेल तर तेव्हाचा भाव द्यावा लागेल, घाई नसेल तर मे उजाडू द्या, आवक वाढली की उतरतो. भावोजी सुरुवातीला चिडायचे, "वहिनी, गिऱ्हाईक परत पाठवताय!" पण थांबलेला माणूस मेमध्ये माझ्याकडेच येतो, आणि तेव्हा एका डझनावर भागवत नाही.

अ‍ॅडमिनशी आधी बोला. हे इतकं साधं आहे, तरी नव्याण्णव टक्के लोक करत नाहीत. (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.) बहुतेक सोसायट्यांत खरेदी-विक्रीचा वेगळा ग्रुप असतो किंवा जाहिरातीला एखादा वार ठरलेला असतो. पाण्याच्या टँकरची आणि लिफ्टची चर्चा चाललीय तिथे तुम्ही पेटीचा फोटो टाकलात की पुढच्या वर्षीसुद्धा लोक तुम्हाला त्याच कारणासाठी लक्षात ठेवतात. आणि बाहेरून ग्रुपमध्ये शिरण्यापेक्षा सोसायटीत राहणारं एक ओळखीचं घर धरा. त्यांनी सगळ्यांची ऑर्डर एकत्र केली की एकच टेम्पो येतो, गेटवर वॉचमनशी वाद होत नाही, आणि भाड्यातले पैसे वाचतात ते त्या घराला चार आंबे जास्त देऊन फेडता येतात.

पोस्टमध्ये भाव लिहा. "भाव इनबॉक्स केलाय" या वाक्याइतकी चीड दुसऱ्या कशाची येत नसेल. किती डझनाची पेटी, फळ साधारण किती ग्रॅमचं, पोचवण्याचे वेगळे पैसे आहेत का, आंबा कच्चा येणार की तयार, एवढं लिहिलंत तर निम्मे फोन वाचतात. "केमिकल वापरता का?" याला "नाही हो, शंभर टक्के नॅचरल" हे उत्तर आता कुणी मनावर घेत नाही. त्यापेक्षा सांगा की कार्बाइडवर बंदी आहे, आम्ही गवतात आढी लावतो, तुमच्याकडे आंबा हिरवा येईल, फ्रिजमध्ये ठेवू नका, आठवडाभर लागेल, साल किंचित सुरकुतली की खा. ज्याला आज रात्रीच आमरस करायचाय त्याने दुसरीकडून घ्यावा, हेही सांगा.

आणि गाव खरं लिहा. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना. म्हणजे रत्नागिरीच्या आंब्याने लाजायचं कारण नाही. तरी "देवगड लिहा, पटकन खपतो" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. लिहू नका. प्रत्येक ग्रुपवर एक देवगडचा माणूस असतोच, आणि तो फार खोलात विचारतो.

आता तक्रारीचं. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवीन माणूस इथेच गडबडतो. एका सोसायटीच्या ग्रुपवर रात्री जेवणाच्या वेळी फोटो पडला. आंबा मधोमध कापलेला, बाहेरून छान केशरी, आणि कोयीजवळ पांढरट, भुसभुशीत भाग. खाली एका काकांनी लिहिलं होतं, "एवढे पैसे घेऊन हे पाठवता?" लगेच दोघा-तिघांचे संतापलेले इमोजी. अशा वेळी हात शिवशिवतो, "काका, प्लीज पर्सनलवर बोलूया" असं लिहायला. तसं लिहिलंत की बाकीच्यांना वाटतं, काहीतरी झाकायचंय. मी तिथेच लिहिलं:

"काका, याला साका म्हणतात. फळ सडलेलं नाही, पण तेवढा भाग आंबूस लागतो, तो खाऊ नका. हापूसमध्ये हे होतं आणि बाहेरून कळत नाही, आम्हालाही नाही. पेटीत असे जेवढे निघतील तेवढ्यांचा कापलेला फोटो मला पाठवा. पुढच्या गाडीला तेवढे आंबे येतील."

काका थंड झाले. मग एका मुलीने विचारलं, साका होतो कशामुळे? मी लिहिलं की जमीन तापते त्याची झळ फळाला लागते, झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात तो अधिक सापडतो, म्हणून आम्ही आंबा चौदा आणे तयार झाला, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडा बाकी असला, की उतरवतो. तासभर गप्पा चालल्या त्यावर. त्या आठवड्यात त्याच सोसायटीतून नव्या ऑर्डरी आल्या, आणि त्या देणाऱ्यांपैकी कुणीही त्या रात्री एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. ग्रुपवर बोलणारे थोडे, वाचणारे पुष्कळ. उत्तर त्यांच्यासाठी द्यायचं असतं. (फोटो कापलेल्या फळाचाच मागायचा, हे विसरू नका. नुसत्या पेटीचा फोटो पाठवून सगळे खराब निघाले म्हणणारेही आहेत.)

मावसभावाला आणि नणंदेला "अप्रतिम चव!!" लिहायला लावू नका. आडनावावरून लोक अर्ध्या मिनिटात ओळखतात. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नका. कर्नाटकचा आंबा स्वस्त आहे आणि ज्याला परवडतो तो तोच घेणार. तो कोकणचा म्हणून विकला तर मात्र बोला. रेडिटवर जाणार असाल तर तिथली माणसं आधी तुमची जुनी पोस्टं उघडून बघतात. दहातलं फार तर एक आपल्या मालाबद्दल असावं, असा तिथला जुना दंडक आहे. माझं तिथे फारसं काही विकलं जात नाही, पण पुण्याच्या चर्चेत भावाचा अंदाज चांगला येतो.

ग्रुपमधले नंबर उचलून आपला "कोकण मेवा" ग्रुप काढू नका. लोक बाहेर पडतात, वर रिपोर्ट करतात, आणि पुरेसे रिपोर्ट झाले की व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करतं, तोही ऐन हंगामात. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून पेटीतल्या चिठ्ठीवर मी "नंबर सेव्ह करा" असं ठळक लिहिते.

एका फोनपासून सावध. "मी सैन्यात आहे, युनिटसाठी वीस पेट्या हव्यात, भाव विचारत नाही, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील." पैसे घ्यायला ना स्कॅन लागतो ना पिन. घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला हे पढवून ठेवा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉटही धरू नका, बँकेचं खातं उघडून बघा.

परदेशातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही विचारणा होते. अमेरिकेने भारतीय आंबा २००७ मध्ये पुन्हा घ्यायला सुरुवात केली, पण तो विकिरण प्रक्रिया करून, मान्यताप्राप्त केंद्रातूनच जातो. तुमची-माझी पेटी कुरियरने तिकडे जात नाही, तेव्हा ऑर्डर घेऊच नका. आंबापोळी किंवा पल्प विकणार असाल तर आधी एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी करा, तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर लागतो. परदेशातल्या ग्रुपवरचा माझा खरा धंदा वेगळाच आहे. न्यू जर्सीतला मुलगा पैसे भरतो आणि पेटी कोथरूडला आईवडिलांकडे जाते. या पेट्यांची मी वेगळी वही ठेवते. कुठल्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, वडिलांना साखर असेल तर एकदम पाच डझन नको, दोन-दोन डझन पंधरा दिवसांच्या अंतराने. पेटी पोचली की आईचा पेटीसोबतचा फोटो मी मुलाला पाठवते. तो फोटो त्यांच्या ग्रुपवर पडतो, आणि पुढच्या दोन दिवसांत तिथून आणखी पत्ते येतात, बहुतेक वेळा कोथरूड, डोंबिवली किंवा नाशिकचे.