मैफल कानभर, पण कान जपून

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 15 डिसेंबर 2019 ला यू-टू बँड आला, तेव्हा त्यांना पहिल्यांदाच समोर ऐकलं. त्यांचा गायक बोनो याचा आवाज प्रत्यक्ष ऐकताना डोळे भरून आले. पण ठाण्याला परतताना लोकलमध्ये कानात शिट्टी वाजत होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबली नाही.

आता मी मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घेऊन जातो. किंमत अगदी किरकोळ. घालायची पद्धत मात्र नीट हवी:

1. हात धुऊन प्लग बोटांत वळून बारीक वातीसारखा करा.
2. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा. हेच बहुतेकजण करत नाहीत, म्हणून प्लग अर्धा बाहेर राहतो.
3. आत सरकवून फुगेपर्यंत, अर्धा मिनिट, बोटाने धरा.

पहिलं गाणं सुरू होण्याआधीच घाला. मैफलीत असतो तशा 100 डेसिबलच्या मोठ्या आवाजात कान जेमतेम 15 मिनिटं सुरक्षित असतात आणि कार्यक्रम दोन तास चालतो. ड्रमचा ठोका छातीत तसाच जाणवतो, काळजी नको.

कापसाचे बोळे चालत नाहीत. शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकली किंवा ऐकू कमी आलं, तर थेट कानाच्या डॉक्टरांकडे जा.