प्रवेश चाचणीचे मार्क आणि घरचा दबाव: सातवी-आठवीतल्या मुलांसाठी

मुंबईत सातवी-आठवीत बोर्ड बदलून खासगी शाळेत जायचं ठरलं, की घरात दुसरा विषय निघत नाही. शाळा बहुधा इंग्रजी आणि गणिताचा लेखी पेपर घेते, मग भेटीला बोलावते. तोवर प्रत्येक सराव पेपरानंतर एकच प्रश्न: किती पडले? आई-बाबा आकड्यालाच धरून बसतात, कारण त्यांच्या हाती दुसरं काही नसतं. ते तुम्ही द्या.

पेपर तपासून आला की मार्क सांगण्याआधी अर्धा तास घ्या आणि गेलेले मार्क तीन रकान्यांत मांडा: शिकलोच नव्हतो, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. समजा गणितात 40 पैकी 24 पडले. गेलेल्या 16 पैकी 8 न शिकलेल्या धड्यांचे, 5 चिन्ह किंवा एकक चुकल्याचे, 3 शेवटचं गणित राहून गेल्याचे. "फक्त साठ टक्के?" असं कुणी म्हटलं की हा कागद पुढे करा. आठ मार्कांसाठी शिकवणारं कुणीतरी हवं, पाचांसाठी प्रत्येक उत्तराचा ताळा करायची सवय, तिनांसाठी घड्याळ लावून सराव. "अजून दोन तास बस" हा एकच उपाय तिन्हींना लागू पडत नाही, आणि खटके इथेच उडतात.

राज्य मंडळातून आयसीएसईकडे जाताना पहिला रकाना फुगतोच. मराठी माध्यमातल्या मुलाला लसावि-मसावि झोपेतून उठवून विचारले तरी येतात, पण पेपरात एलसीएम-एचसीएफ दिसलं की पेन थांबतं. गणित येत असूनही मार्क जातात. वहीच्या मागच्या पानांवर रोज पाच शब्द दोन्ही भाषांत लिहा. महिन्याभरात दीडशे होतात, आणि गणिताच्या पेपराला तेवढे बरेच झाले.

मार्कांवर बोलायची वेळ ठरवून घ्या. रविवारी नाश्त्यानंतर वीस मिनिटं, आई आणि बाबा दोघंही समोर. दोघांना वेगवेगळं सांगितलं तर संध्याकाळी तेच दोनदा ऐकावं लागतं. मधल्या दिवशी कुणी विचारलं तर, "रविवारी कागद दाखवते, आज नको." सुरुवातीला कुणी हे पाळत नाही. वाद न घालता तेच वाक्य पुन्हा म्हणा. पेपर मात्र कधीच लपवू नका. क्लासमधून घरी फोन गेला की पुढच्या खऱ्या मार्कांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बिल्डिंगमधल्या मुलाशी तुलना होणारच. पण प्रत्येक शाळेचा पेपर वेगळा, त्यामुळे त्याचे ऐंशी आणि तुमचे साठ एका मापाचे नाहीत. शिवाय वरच्या वर्गात जागा रिकामी होते ती बहुधा कुणी शाळा सोडली तरच. चांगला पेपर लिहूनही नकार येतो. हे चाचणीच्या आधीच घरी बोलून ठेवा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

कायदा पालकांनाही माहीत असायला हवा. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलांना प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे. दंड पहिल्या वेळी 25,000 आणि पुढे दर वेळी 50,000 रुपयांपर्यंत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं, आणि मुंबईतल्या बऱ्याच कॉन्व्हेंट शाळा त्यात मोडतात. इतर ठिकाणी चाचणीला 'इंटरॅक्शन' म्हटलेलं दिसतं. भांडणात हे कलम तोंडावर फेकू नका, शांत वेळी वाचायला द्या.

नव्या शाळेचा प्रवेश लेखी पक्का होईपर्यंत जुन्या शाळेतून दाखला काढू देऊ नका. जुनी जागा हातात आहे म्हटल्यावर घरातला आवाज निम्मा खाली येतो.

तेरा वर्षांपुढे आठ ते दहा तास झोप लागते; रात्री बारापर्यंत बसवलं तर दुसरा रकाना वाढतो, तेही कागदावर दाखवता येतं. आणि मार्कांवरून मारहाण होत असेल, जेवण तुटलं असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर रविवारची वाट पाहू नका. शाळेच्या समुपदेशकांना किंवा विश्वासाच्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलांच्या हेल्पलाइनला 1098 वर किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. दोन्ही मोफत आहेत, रात्रीही लागतात.