घोळ उपटू नका: चांदव्यासाठी वाफा कसा राखावा

निंदणीत आधी हात जातो तो घोळीच्या रानभाजीवर. अहिराणीत घोय. छोटा चांदवा, म्हणजे डॅनेड एगफ्लाय, या फुलपाखराच्या अळ्यांचं आवडतं खाणं नेमकं तेच. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला संरक्षण दिलं, पण खुरप्याला कायदा कळत नाही.

मृगाचा पाऊस झाला की उन्हाच्या जागी छोटा वाफा करा. बी वर भुरभुरा, मातीआड करू नका, उजेड लागतो. बी नसेल तर निंदणीत उपटलेली घोळ ओल्या मातीवर टाका, पेरापेराला मुळं फुटतात. कपाशीच्या बांधाला लागून वाफा नको. फवारणीचं औषध वाऱ्याने येतं.

आता खरी गोम: मादी ओळखणं. इथे मी दोन पावसाळे फसलो. नर सोपा. काळाभोर, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या, कडांना निळसर जांभळी झाक. मादी मात्र नारिंगी, हुबेहूब प्लेन टायगर! त्या फुलपाखराच्या अळ्या रुई खातात, तिचं विष अंगात राहतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याच्या मादीने तोच वेश उचललाय.

‘नारिंगी पंख, काळं टोक, झाली ओळख’ असं मोबाइलवर सांगणाऱ्यांचं ऐकू नका. काळं टोक दोघींना असतं, आणि चांदव्याच्या काही माद्यांना तर तेही नसतं. पंख उघडून बसली की मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजा. प्लेन टायगरला मधल्या भागात तीन-चार, चांदव्याच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. ती उतरते कुठे तेही बघा. रुईवर अंडी घालणारी ती नव्हे. घोळीवर पोट वाकवून थबकली तर तीच.

माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीतले सगळे ‘चांदवे’ प्लेन टायगर निघाले. खरी मादी अंडी घालून गेली तेव्हा मला पत्ताच नव्हता, आणि मायने डाळ-घोळीसाठी वाफा खुडून साफ केला. तिला काय बोलणार? मीच काही सांगितलं नव्हतं.

मादी दिसली की निदान अर्ध्या वाफ्यात खुडणं बंद. काळी, काटेरी अळी, तांबूस डोक्यावर दोन शिंगं: हीच ती. काट्यांना घाबरून चिरडू नका, आणि हौसेने बरणीतही भरू नका. घोळीचं पान रसाळ, बरणीला घाम सुटतो, बुरशी धरते. माझ्या अळ्या अशाच गेल्या. वर कायद्याची भानगड वेगळीच.

कोष आसपासच्या दगडा-काटक्यांना लटकतात, तेव्हा दिवाळीपर्यंत तिथली झाडलोट नको. माय आता उरलेल्या अर्ध्यातूनच खुडते, तेही पान उलटून बघून.