रोजच्या मालिकेत बिनसलेल्या घरातली नायिका कशी उभी करावी

सुरुवात तिच्या दुःखापासून करू नका. त्या घरात तिने कोणतं काम अंगावर घेतलंय, तिथून करा. दारूने पोखरलेल्या घरात एखादं मूल कर्तेपण उचलतं, एखादं भांडणं मिटवत फिरतं, एखादं घराबाहेरच राहायला शिकतं. दुःख चार भागांत सांगून संपतं. अंगवळणी पडलेलं काम मात्र तिच्या नोकरीत, प्रेमात, सासरीही मागे येतं, आणि वर्षानुवर्षं पुरतं.

समजा, सांगलीची वसुधा. वय २७, पतसंस्थेत क्लार्क. आण्णांची साखर कारखान्यातली नोकरी पिण्यापायी गेलेली, आई शिवणकाम करते, धाकटा भाऊ १९ वर्षांचा.

आधी सनावळी मांडा. नोकरी गेली तेव्हा वसुधा १४ची, भाऊ ६चा. म्हणजे आण्णांचे चांगले दिवस तिला लख्ख आठवतात, त्याला जवळजवळ नाहीतच. ती माफ करत राहणार, तो करणार नाही. बहीण-भावातला मोठा संघर्ष या एका वजाबाकीतून निघतो. त्यासाठी बाहेरून खलनायिका आणावी लागत नाही.

मग संवादाशिवाय दाखवता येतील अशा दोन-तीन सवयी ठरवा. आण्णा दारात चपला कशा काढतात, त्या आवाजावरून वसुधाला ते किती प्यायलेत ते कळतं. आवाज आला की ती भावाचं पुस्तक उचलून त्याला आतल्या खोलीत पाठवते. पुढे सासरी कुणी चप्पल जोरात टाकली तरी तिचा हात थांबला पाहिजे.

तिसरं, गुपितांचा तक्ता. घरावर काढलेलं कर्ज कुणाला, कितव्या भागात कळलं, हे रोज भरा. पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे असतात. तक्ता नसला की सोमवारी रडलेली आई गुरुवारी तीच बातमी पहिल्यांदा ऐकते. प्रेक्षक हे विसरत नाहीत. गुपित एका वेळी एकालाच कळू द्या, म्हणजे तेच कर्ज चार वेळा कामी येतं.

संवादात सगळ्यात जास्त घसरतं ते इथे: “आण्णा, तुमच्या दारूपायी तेरा वर्षं आपलं घर जळतंय!” घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, म्हणूनच कुणी बोलत नाही. त्याऐवजी:

“आण्णांचं ताट वाढू?”
“झाकून ठेव.”

वसुधा नुसती सोशिक झाली की मालिका ठप्प होते. तिच्या कर्तेपणाची वाईट बाजूही लिहा: ती भावाचे निर्णय परस्पर घेते, आईशी खोटं बोलते आणि ते भल्यासाठीच आहे असं मनापासून मानते.

आण्णांना देवापुढे शपथ घालून एका भागात सुधारू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरतात, झोप उडते, कधी झटकेही येतात, डॉक्टर लागतो. सुटलेली पुन्हा सुरूही होते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. वसुधाच्या आईला अशा गटात नेलं तर तिलाही स्वतःचा ट्रॅक मिळतो.

आणि आण्णा करणाऱ्या नटाच्या तारखा सलग मिळतीलच असं नाही. ते पडद्यावर नसतानाही त्यांचा जाच चालू राहील अशी सोय पहिल्याच आराखड्यात ठेवा: उधारीवाल्याचा फोन, पतसंस्थेत आलेली थकबाकीची नोटीस, दुकानदाराने वसुधाकडे मागितलेले पैसे.