आधी बाटली, मग मेंदू: दारूच्या व्यसनावर संशोधन करणाऱ्या नवख्यांना कसं शिकवावं

प्रयोगशाळेत नवा आलेला विद्यार्थी बहुधा मेंदूतलं डोपामिन हे रसायन, अमिग्डाला हा भावनांशी जोडलेला भाग आणि लेझरनं पेशी चेतवण्याची स्वप्नं घेऊन येतो. पहिले दोन महिने मात्र त्याच्या हाती बाटली, वजनकाटा आणि नोंदवही एवढंच द्यावं. उंदीर नेमकी किती दारू प्यायला हेच छातीठोकपणे सांगता येत नसेल, तर मेंदूचे आलेख कितीही देखणे असोत, ते कशाला जोडायचे?

सुरुवात द्रावणापासून. 95 टक्के इथेनॉलपासून (दारूतलं अल्कोहोल ते हेच) 20 टक्क्यांचं एक लिटर द्रावण करायचं, तर 210.5 मिलि इथेनॉल घेऊन एक लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं. 789.5 मिलि पाणी वेगळं मोजून ओतलं की घोळ होतो: इथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर एकूण आकारमान आकसतं, एक लिटर भरत नाही आणि द्रावण जरा तीव्र होतं. डिनेचर्ड स्पिरिटला हात लावू नये. ते पिण्याजोगं राहू नये म्हणून त्यात मुद्दाम काहीबाही घातलेलं असतं.

मग हिशेब. इथेनॉलची घनता 0.789 ग्रॅम प्रति मिलि. 25 ग्रॅमचा उंदीर 0.6 मिलि प्यायला, तर 0.6 × 0.20 × 0.789 = 0.095 ग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे 3.8 ग्रॅम. घनतेनं गुणायचं राहून गेलं की हाच आकडा 4.8 होतो. चूक छोटी, पण सगळ्या तक्त्यात शिरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून दहा उंदरांचा हिशेब आधी कागदावर करून घ्यावा, संगणकाचा तक्ता नंतर.

सरावासाठी ‘अंधारातलं पिणं’ ही पद्धत सोयीची. सी57बीएल/6जे जातीचे उंदीर एकेकटे ठेवून उलट्या दिवस-रात्रीला (दिवसा अंधार, रात्री दिवे) दोनेक आठवडे रुळू द्यावेत. दिवे गेल्यावर तीन तासांनी पाण्याची बाटली काढून 20 टक्के इथेनॉलची नळी लावायची: तीन दिवस दोन-दोन तास, चौथ्या दिवशी चार तास. काम लाल उजेडात, आवाज न करता. नळी लावल्यावर बुडबुडा वर जाऊ द्यायचा, मग डोळा द्रवाच्या पातळीशी आणून वक्राच्या तळाचा आकडा वाचायचा. पिंजरा परत सरकवताना मांडणीला धक्का लागला की तोटीतून थेंब पडतो, आणि तो उंदराच्या खात्यावर चढतो. इथेच पाणी मुरतं. त्याच मांडणीत दोन-तीन रिकाम्या पिंजऱ्यांना भरलेल्या नळ्या लावून त्यांची सरासरी घट प्रत्येक आकड्यातून वजा करावी. 0.1 मिलि गळती म्हणजे वरच्या उंदराच्या हिशेबात किलोमागे 0.63 ग्रॅम, सहावा हिस्सा! दोन बाटल्यांतून निवड द्यायची असेल तर बाटल्यांच्या जागा रोज बदलाव्यात, नाहीतर दारूची आवड मोजतोय असं समजून डाव्या बाजूची आवड मोजली जाते.

चौथ्या दिवशी सत्र संपताक्षणी रक्त घ्यायचं. त्या जागेची त्वचा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची नाही (हे सांगावं लागतं, कारण हात सवयीनं तिकडेच जातो). कुपी घट्ट बंद, वर हवेची जागा कमीत कमी, लगेच बर्फात. इथेनॉल उडून जातं. नंतर प्रत्येक उंदराचं सेवन एका अक्षावर, रक्तातलं प्रमाण दुसऱ्यावर मांडायला लावावं. 80 मिग्रॅ प्रति डेसिलिटर ओलांडलं तर उंदीर खरोखर झिंगण्याइतका प्यायला. भरपूर पिऊनही रक्तात जवळपास काहीच नसेल, तर नळी गळली का, की तो सुरुवातीलाच पिऊन थांबला, हे विद्यार्थ्यानं स्वतः शोधायचं. या एका आलेखावरून जेवढं शिकता येतं तेवढं महिनाभराच्या व्याख्यानांतून येत नाही.

अर्थ लावायला शिकवण्यासाठी डीबीए/2जे जात आणावी. हे उंदीर इथेनॉलची बाटली टाळतात. पण इथेनॉल इंजेक्शननं दिलं, तर पेटीच्या ज्या कप्प्यात त्याचा अनुभव आला त्या कप्प्याकडे ओढ दाखवतात. म्हणजे ‘पीत नाही’ याचा अर्थ ‘आवडत नाही’ असा नाही. चव आडवी येते. औषधाचंही तसंच. नाल्ट्रेक्सोन (दारूच्या व्यसनावरचं एक औषध) देऊन पिणं कमी झालं, तर साखरेचं पाणी आणि हालचालही मोजायची. तिन्ही घटली तर उंदीर नुसताच मलूल झालेला असू शकतो. कुठल्या उंदराला औषध आणि कुठल्याला सलाईन, हे नळी वाचणाऱ्याला ठाऊक नसावं. नर आणि मादी दोन्ही घ्यावेत. किलोमागे माद्या सहसा जास्त पितात.

चार दिवस पिणारा उंदीर व्यसनी नव्हे. शारीरिक अवलंबित्व पाहायचं तर इथेनॉलच्या वाफेत 16 तास, बाहेर 8 तास, अशी आवर्तनं आठवडे-आठवडे चालतात. ती थांबल्यावर झटके येऊ शकतात, त्यामुळे नैतिकता समितीची परवानगी आणि रात्रपाळीची माणसं आधी ठरलेली हवीत.

शिवाय महिन्यातून एक दिवस व्यसनमुक्ती केंद्रात. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेतले दारूच्या विकाराचे 11 निकष तिथं माणसांच्या तोंडून ऐकू येतात: तलफ, काम बुडणं, थांबायचं ठरवूनही न जमणं. बारा महिन्यांत दोन निकष लागू झाले की सौम्य विकार, सहा किंवा अधिक झाले की तीव्र. परतल्यावर विद्यार्थ्यानं अकराही निकष कागदावर उतरवून प्रत्येकापुढे लिहावं, यातलं उंदरात काय मोजता येतं. बऱ्याच ओळी कोऱ्या राहतील. त्या तशाच ठेवाव्यात.